विश्लेषण : चालती गाडी मध्येच बंद का पडते? स्कॅनरवर कोड आला म्हणजे बिघाड सापडला का?

पूर्व मुक्त मार्गावर वडाळ्याच्या अलीकडे-पलीकडे एखादी मोटार बंद पडली, की मागे किती वेळात रांग लागते हे त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. २०१३ मध्ये खुल्या झालेल्या सुमारे १७ किलोमीटरच्या या रस्त्याचा मोठा भाग उन्नत आहे. तिथे गाडी बाजूला घ्यायला जागा कमी आणि मागून येणाऱ्यांचा वेग जास्त. गाडी कशीबशी टो करून गॅरेजला पोहोचते, स्कॅनर लावला जातो, एक सेन्सर बदलला जातो. आठवड्याने गाडी पुन्हा बंद. मग इग्निशन कॉइल, मग फ्युएल पंप. प्रत्येक वेळी नवे बिल आणि प्रत्येक वेळी ‘आता होणार नाही’ असे आश्वासन. बिघाड शोधण्याआधीच सुटे भाग बदलत जाण्याची ही पद्धत इतकी रुळली आहे, की अनेक गाडीमालक तिलाच निदान समजतात. प्रत्यक्षात निदान म्हणजे काय आणि त्यात गाडीमालकाचा वाटा कोणता?

गाडी ‘बंद पडते’ म्हणजे नेमके काय होते?

पेट्रोल इंजिनाला चार गोष्टी लागतात : हवा, इंधन, ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब. चारही योग्य क्षणी लागतात. सिग्नलला उभ्या असलेल्या चार सिलिंडरच्या गाडीचे इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेत असते. प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा ज्वलन होते. म्हणजे नुसत्या उभ्या गाडीतही सेकंदाला सुमारे २७ वेळा ठिणगी पडून इंधन पेटते. त्यातली दोन-चार हुकली तर गाडी थरथरते. बरीच हुकली तर फिरत राहायला लागणारा जोरच उरत नाही आणि इंजिन थांबते. म्हणूनच वेगात नीट चालणारी गाडी अनेकदा सिग्नलला मान टाकते.

बंद पडण्याची तऱ्हाही बोलकी असते. कुणी किल्ली फिरवून बंद करावी तशी गाडी क्षणात थांबली, तर आधी वीजपुरवठा, वायरिंग, इग्निशन स्वीच किंवा इंजिनाचे फेरे मोजणारा क्रँकशाफ्ट सेन्सर तपासावा. झटके देत, पिकअप सोडत, धाप लागल्यासारखी बंद पडली तर संशय इंधनावर जातो. हा अंदाज दर वेळी खरा ठरत नाही, पण पहिली दिशा बहुतेकदा बरोबर दाखवतो. गॅरेजमध्ये मात्र ‘बंद पडते’ एवढेच सांगितले जाते आणि हा तपशील हरवतो.

पद्मिनीच्या काळी निदान सोपे होते का?

मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. शहरातली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि टॅक्सीसाठीची २० वर्षांची वयोमर्यादा संपल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर हे पर्व संपले. या गाडीत संगणक नव्हता. ठिणगी यांत्रिक ‘पॉइंट’वरून मिळायची, इंधन कार्बोरेटरमधून. टॅक्सी मिस मारू लागली की चालक बॉनेट उघडून पॉइंट घासायचा, जेट काढून फुंकर मारायचा. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये रखडलेली गाडी बंद पडली, की इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ झालेली असे. पंपाला वाफ ओढता येत नाही. मग पंपावर ओले फडके ठेवायचे आणि दहा मिनिटे वाट पाहायची.

यंत्र साधे होते हे खरे, पण त्या चालकाची पद्धतही शिस्तीची होती. आधी ठिणगी आहे का पाहायचे, मग पेट्रोल येते का पाहायचे आणि नंतरच कशाला तरी हात लावायचा. ओल्या फडक्याने गाडी सुरू झाली, तर उष्णतेचा दोष सिद्ध झाला. म्हणजे उपायच चाचणी असायचा. आजच्या गाडीत या दोन्ही गोष्टी बॉनेट उघडून दिसत नाहीत आणि तिथेच स्कॅनरवरचा आंधळा विश्वास सुरू होतो.

स्कॅनरवरचा कोड काय सांगतो?

भारतात बीएस-४ गाड्यांना २०१० पासून टप्प्याटप्प्याने ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःच्या बिघाडाची नोंद ठेवण्याची व्यवस्था, बंधनकारक झाली. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत ती आणखी कडक आहे. स्टीअरिंगखाली १६ पिनांचे सॉकेट असते, त्याला स्कॅनर जोडला की ‘पी ०३०१’, ‘पी ०१७१’ असे कोड दिसतात.

या कोडमागे एक साधा नियम असतो. संगणकाला काही मोजमापे अपेक्षित असतात. ती ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की तो नोंद करतो. पोलीस ठाण्यात तक्रार दाखल होते तसे हे आहे. तक्रार कुठून आली ते कळते, गुन्हा कुणी केला ते कळत नाही.

‘पी ०१७१’ घ्या. त्याचा अर्थ मिश्रणात इंधन कमी, हवा जास्त. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा, हे आदर्श प्रमाण. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर हे प्रमाण बिघडल्याचे सांगतो, म्हणून अनेक ठिकाणी तोच सेन्सर बदलला जातो. खरी बातमी आणणाऱ्यालाच शिक्षा! जास्तीची हवा इनटेकच्या फाटक्या रबरी नळीतून येत असेल, किंवा पंप दमल्याने पेट्रोलच कमी येत असेल, तर नवा सेन्सरही तेच सांगणार आणि दिवा पुन्हा लागणार.

मग फरक कसा ओळखायचा? स्कॅनरवर कोडच्या पुढच्या पानावर ‘फ्युएल ट्रिम’ नावाचा आकडा असतो. तो गॅरेजमध्ये फार कमी वेळा उघडला जातो, माझ्या मते मात्र तो अख्ख्या स्कॅनरमधला सर्वांत उपयोगी आकडा आहे. मिश्रण नीट राखण्यासाठी संगणक ठरलेल्या मात्रेपेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी इंधन सोडतो आहे, हे तो दाखवतो. अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर साधारण ठीक. समजा, गाडी उभी असताना तो अधिक २५ आहे आणि रेस देऊन २५०० फेऱ्यांवर नेल्यावर ५ पर्यंत उतरतो. याचा अर्थ हवा कुठून तरी आत शिरते आहे. इंजिन मंद चालताना एकूण हवाच थोडी, त्यामुळे फटीतून येणारी हवा त्यात मोठा वाटा उचलते. वेग वाढला की तीच फट किरकोळ ठरते. याउलट उभ्या गाडीत आकडा ठीक, पण चढावर किंवा वेगात चढत जात असेल तर इंधनच पुरे पडत नाही. मग पंप, फिल्टर आणि पेट्रोलचा दाब तपासायचा. आत येणारी हवा थेट मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाड्यांत हा फरक ठळक दिसतो. फक्त इनटेकमधला दाब मोजणाऱ्या गाड्यांत हवेची गळती झाली की बहुधा आयडलिंगच वाढते, तिथे हा आकडा जपून वाचावा लागतो.

मिसफायरच्या कोडची चाचणी तर फुकट आहे. ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ज्वलन हुकते. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल तर पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर लावायची आणि गाडी चालवायची. कोड ‘पी ०३०३’ झाला तर कॉइल खराब. कोड पहिल्यावरच राहिला तर कॉइल निर्दोष. मग स्पार्क प्लगची तशीच अदलाबदल, त्यानंतर इंजेक्टर, आणि सगळे ठीक निघाले तर कॉम्प्रेशन मोजायचे. दहा मिनिटांच्या या कामाआधी कुणी चारही कॉइल बदला म्हणत असेल, तर थांबवून विचारावे.

आणखी एक. कोड नोंदवताना त्या क्षणाची इंजिनाची स्थिती, म्हणजे वेग, फेरे, तापमान, भार, हेही संगणक जपून ठेवतो. त्याला ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात. गॅरेजमध्ये आल्याआल्या कोड पुसला किंवा बॅटरीची वायर काढून ‘रीसेट’ केले, की घटनास्थळावरचा हा पुरावा जातो. वर संगणकाने शिकलेले आयडलिंगही विसरले जाते आणि गाडी काही काळ आणखीच वाईट चालते. कोड पुसण्यापूर्वी ते पान मोबाइलवर टिपून ठेवावे.

कधी बंद पडते यावरून काय कळते?

फक्त सिग्नलला, एसी लावल्यावर बंद पडणाऱ्या गाडीत बहुतेकदा थ्रॉटल बॉडीत काजळी साचलेली असते. झडप जवळजवळ मिटलेली असताना ज्या बारीक फटीतून हवा जायची, तीच बुजते. एसीच्या कॉम्प्रेसरचा भार आला की इंजिन गुदमरते. हे साफसफाईचे काम आहे, त्यासाठी सुटा भाग सहसा लागत नाही.

तासभर चालल्यावर, गरम झाल्यावर बंद पडणारी आणि अर्ध्या तासाने काही झालेच नाही अशा थाटात सुरू होणारी गाडी फसवी. क्रँकशाफ्ट सेन्सरमधली बारीक तार तापून प्रसरण पावते, जोड तुटतो, निवल्यावर पुन्हा जुळतो. फेऱ्यांचा संकेत गेला की पिस्टन कुठे आहे तेच संगणकाला कळत नाही आणि तो इंधन व ठिणगी दोन्ही थांबवतो. अशा वेळी सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे पाहावे. पुष्कळ गाड्यांत संकेत येत असेल तर काटा किंचित उचलतो. इंजिन फिरत असूनही तो शून्यावर मेल्यासारखा पडून असेल तर संशय बळावतो.

पंपाची खूण कानाने कळते. किल्ली ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. ती नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग पंप. क्रम महत्त्वाचा, कारण खर्चही त्याच क्रमाने वाढतो. टाकीतला पंप पेट्रोलमध्येच बुडून थंड राहतो. त्यामुळे नेहमी रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात.

पावसाळ्यातल्या रात्री वायपर, हेडलाइट, एसी सगळे सुरू असताना दिवे मंदावत जाऊन गाडी थांबली आणि पुन्हा सेल्फही लागला नाही, तर अल्टरनेटर चार्जिंग करत नसावा. साधा मल्टिमीटर पुरतो. बंद गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, सुरू गाडीत साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो, म्हणून एकदाच मोजून निकाल देऊ नये. टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा थर आणि ढिली अर्थिंगची वायर हे तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गुन्हेगार.

सीएनजी गाडीत निदान अवघड की सोपे?

सोपे. हे ऐकून आश्चर्य वाटेल, कारण बंद पडणाऱ्या गाडीचे खापर पहिल्यांदा गॅसकिटवरच फुटते. पण दोन इंधनांवर चालणारी गाडी म्हणजे आयता प्रयोग आहे. डॅशबोर्डवरचे बटण दाबून इंधन बदलता येते आणि बाकीचे सगळे तेच राहते. फक्त गॅसवर बंद पडते आणि पेट्रोलवर नीट चालते? मग गॅस फिल्टर, दाब उतरवणारा रेग्युलेटर आणि गॅसचे इंजेक्टर पाहायचे. सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाबाने भरलेला गॅस रेग्युलेटर अगदी थोड्या दाबावर आणतो. कॉम्प्रेसरमधून आलेला तेलाचा अंश फिल्टरमध्ये आणि त्यात साचत जातो. फक्त पेट्रोलवर बंद पडते? मग पेट्रोलचा पंप, इंजेक्टर आणि टाकीतले जुने पेट्रोल. दोन्हींवर बंद पडते? मग गॅसकिटला हात लावण्याचे कारणच नाही. ठिणगी, हवा, क्रँकशाफ्ट सेन्सर, वायरिंग असे दोन्हींना सामाईक असलेले काहीतरी बिघडले आहे. एका बटणाने निम्मे संशयित बाहेर जातात.

यात एक अपवाद लक्षात ठेवावा. गॅस पेटवायला ठिणगीला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. त्यामुळे थकलेला स्पार्क प्लग किंवा कॉइल आधी गॅसवर मिस मारते, पेट्रोलवर मात्र काही महिने निभावून नेते. म्हणून फक्त गॅसवर मिस मारणाऱ्या गाडीतही किट खोलण्याआधी प्लग बदलून पाहणे स्वस्तात पडते.

पेट्रोलकडे दुर्लक्ष किती महागात पडू शकते, याची आठवण नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली असेल. आरसीएफच्या आवारात गेलची मुख्य गॅसवाहिनी १६ नोव्हेंबरला बाधित झाली आणि महानगर गॅसच्या वडाळ्यातील सिटी गेट स्टेशनचा पुरवठा विस्कळीत झाला. मुंबई, ठाणे, नवी मुंबईतल्या सीएनजी पंपांवर रांगा लागल्या आणि ज्यांच्या टाकीत पेट्रोल होते त्यांना त्यावर गाडी चालवावी लागली. पंपावर दाब कमी मिळाला म्हणून गाडी बंद पडत नाही. सिलिंडर कमी भरतो, इतकेच. पण महिनोन्‌महिने पेट्रोलवर जेमतेम सुरू होऊन लगेच गॅसवर जाणाऱ्या गाडीत टाकीतले पेट्रोल शिळे होते, त्यातले सहज पेट घेणारे घटक उडून जातात, इंजेक्टरमध्ये चिकटा धरतो. काटा रिझर्व्हवर असेल तर पंप कोरडा चालतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावाही शोषते. टाकीत अर्ध्याच्या आसपास पेट्रोल ठेवणे आणि आठवड्यातून काही किलोमीटर त्यावर चालवणे, एवढे पुरते.

पाण्यात बंद पडली तर?

हिंदमाता, गांधी मार्केट, वडाळ्याचे सखल रस्ते. पाणी कुठे भरते हे मुंबईकरांना पाठ असते. तरी दर पावसाळ्यात तीच चूक होते. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून पाहिली जाते.

हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल तर पिस्टन वर येताना ते दाबले जात नाही. हवा दाबली जाते, पाणी नाही. सेल्फच्या जोराने किंवा धक्का मारून इंजिन फिरवले, की जाणारा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो वाकतो. प्लग काढून पाणी बाहेर काढण्याचे काम इंजिन उघडण्यापर्यंत जाते. साध्या विमा पॉलिसीत असे नुकसान बहुधा नाकारले जाते, त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. पाण्यात बंद पडली की किल्ली काढायची आणि ढकलून कोरड्या जागी न्यायची. गिअर मात्र न्यूट्रलमध्येच.

चालत्या रस्त्यात बंद पडल्यास आधी काय करायचे?

इंजिन गेले तरी ब्रेक जात नाहीत. बूस्टरमध्ये साठलेल्या निर्वातामुळे दोन-तीन वेळा नेहमीसारखा ब्रेक लागतो, मग पेडल दगडासारखे होते. म्हणून ब्रेक पंप करत बसू नये, एकदाच दाबून गाडी आवरावी. स्टीअरिंग जड होऊ शकते, पण फिरते. चालत्या गाडीत किल्ली पूर्ण मागे फिरवली तर ते लॉक होण्याचा धोका असतो, ते टाळावे. हॅझर्ड लाइट, न्यूट्रल, डावी कड. मुक्त मार्गासारख्या ठिकाणी गाडीत बसून फोन करण्यापेक्षा रिफ्लेक्टर त्रिकोण मागे लांब ठेवून कठड्याच्या बाजूला उभे राहणे सुरक्षित. मदतीसाठी ११२.

‘चेक इंजिन’चा दिवा स्थिर असेल तर गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर मिसफायर गंभीर आहे. न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो महागडा भाग खराब होतो. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा दिसला तर तिथेच थांबायचे.

गॅरेजमध्ये नेल्यावर बिघाड दिसलाच नाही तर?

हे वारंवार घडते. गाडीमालक वैतागतो, मेकॅनिकला गाडी ठणठणीत वाटते आणि यातूनच ‘हा सेन्सर बदलून पाहू’ सुरू होते. इथे मालकाने ठेवलेली नोंद कामी येते. किती वेळ चालल्यावर, थंड की गरम, गॅसवर की पेट्रोलवर, टाकी कितीशी भरलेली, पाऊस होता का, सेल्फ लागला का, किती वेळाने पुन्हा सुरू झाली. बंद पडल्यावर डॅशबोर्डचा मोबाइलवर काढलेला वीस सेकंदांचा व्हिडीओ अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो. किल्लीच्या चिन्हाचा दिवा लुकलुकत असेल, तर चोरीविरोधी इमोबिलायझरला किल्ली ओळखता आलेली नाही, हेही त्यात पकडले जाते.

मग मेकॅनिकचे काम ती परिस्थिती पुन्हा उभी करण्याचे. इंजिन सुरू ठेवून वायरिंगचे एकेक जोड हलवून पाहायचे. कोणता हलवल्यावर इंजिन अडखळते? भेगाळलेल्या प्लग वायरचा संशय असेल तर अंधारात तिच्यावर पाण्याचा बारीक फवारा मारला की निळसर ठिणग्या बाहेर उडताना दिसतात, फक्त हात लांब ठेवायचा. क्रँकशाफ्ट सेन्सरवर संशय असेल तर चालू इंजिनात हॉट एअर गनने तो जपून तापवायचा. इंजिन थांबले, गार पाण्याचे फडके लावल्यावर पुन्हा सुरू झाले, तर तो सेन्सर बदलायचा.